माझ्या टोळीकडून दाणा सांडत नाही

साल एकोणीसशे पंच्याण्णव. मी तेव्हा चौपन्न वर्षांचा. त्या साली शिरवणे गावाच्या अंगाला असलेल्या आमच्या सरकारी चाळीतली एक खोली रिकामी झाली. ती का रिकामी झाली हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे — म्हणजे त्यांना वाटतं, माहीत आहे. खरं काय झालं ते मी आजवर कुणापाशी बोललो नाही. भावापाशी नाही, पोरांपाशी नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जातंय, असं समजू नका.

शाळा चौथीपर्यंत, त्यातली निम्मी गुरांमागे. लिहिता येतं, पण बैल चालतो तसं. शिवाय हे डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या. डावाच का — ते पुढं येईल. त्यातच सगळं आहे.

आधी मी कोण ते ऐका. साताऱ्याकडचा माणूस. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला मशीद बंदरात गोणी पाठीवर घेतली. पुढं धान्याचा बाजार खाडीपलीकडं तुर्भ्याला आला, तसे आम्हीही आलो. सरकारच्या मंडळानं बांधलेल्या चाळीत भाड्यानं खोली मिळाली, आणि बाजारात मी एका टोळीचा मुकादम झालो. मुकादम म्हणजे — ट्रक आला की कोण वर चढणार, कोण वाहणार, थप्पी कुठं लावायची, हे ठरवणारा. पण मी नुसता हुकूम सोडणारा मुकादम नव्हतो. पहिली गोणी माझी आणि शेवटची गोणीही माझी. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. म्हणजे — मोठेपणा म्हणूनच सांगतो. होताच तो.

आणि हूक. हमालाचा हूक तुम्ही पाहिला असेल. लाकडी मूठ, पुढं लोखंडाचा वाकडा दात. तो गोणीत अडकवायचा आणि गोणी पाठीवर ओढून घ्यायची. लोकांना वाटतं, कुठंही अडकवला की झालं. तसं नसतं. गोणीला कान असतात — शिवणीचे कोपरे, तिथं तागाच्या घड्या पडलेल्या असतात. हूक कानात घालायचा. तिथून दाणा गळत नाही. नवख्या माणसाच्या मुठीत जोर नसतो, हूक निसटेल अशी भीती असते, म्हणून तो गोणीच्या पोटात मारतो. मग गोणी फाटते आणि तो चालला की त्याच्या मागनं दाण्यांची रेघ पडत जाते. त्या रेघेवरून माणूस ओळखावा. मी पोरांना आधी कान पकडायला शिकवायचो — गोणीचे, नाही शिकला तर त्याचे.

व्यापाऱ्यांसमोर, दुसऱ्या टोळ्यांसमोर, चहाच्या टपरीवर माझं एक वाक्य ठरलेलं होतं. माझ्या टोळीकडून दाणा सांडत नाही. मी आलो की दुसरे मुकादम लांबूनच म्हणायचे, "आले बघा, दाणा न सांडणारे." थट्टा होती, पण थट्टेत मान होता. तो मला आवडायचा. का नाही आवडणार?

आता हौसा.

हौसाचा नवरा माझ्या टोळीत होता. चांगला माणूस, बोलायला कमी. छातीचं दुखणं लागलं आणि तो खाटेवर पडला. जितके महिने पडून होता तितके महिने मी टोळीच्या मजुरीत त्याची वाटणी चालू ठेवली. दोघातिघांनी कुरकुर केली, मी एकदाच त्यांच्याकडं बघितलं, ती थांबली. तो गेला. खोली हौसाच्या नावावर झाली. घरात ती आणि तिची सासू. मूल नाही. गावाकडं जमीन नाही, माहेरी कुणी विचारणारं नाही. त्या दोघींना जगात जागा म्हणाल तर ती एक खोली.

हौसा बाजारात झाडणीला यायला लागली. ट्रक रिकामे झाले की गाळ्यापुढं जे सांडलेलं असतं — गहू, तूर, तांदूळ, माती, सुतळीचे तुकडे, सगळं एकत्र — ते झाडून गोळा करायचं, त्याला झाडण म्हणतात. बऱ्याच बायका त्यावर जगायच्या. व्यापारी काही बोलत नसत, आयतीच झाडलोट होते म्हणून. हौसा आमच्याच टोळीमागे झाडायची. नवऱ्याची टोळी म्हणून. दुपारी ओझं डोक्यावर घेऊन चाळीत यायची आणि मग त्या दोघी सासू-सुना गॅलरीत बसून पाखडायच्या, चाळायच्या, एकेक दाणा निवडायच्या. गहू वेगळा, तूर वेगळी, तांदूळ वेगळा. मापट्यानं चाळीत विकायच्या, दुकानापेक्षा स्वस्त. आमच्या घरीही तिचाच गहू यायचा. भाकरी-चपाती मी तिच्या पिठाची खायचो. क्वचित दाताखाली कचकन काही यायचं. बायको म्हणायची, "खडा असल, थुका." मी थुकायचो आणि पुढचा घास घ्यायचो.

हे लक्षात ठेवा. ते धान्य कुठलं, हे माझ्या दातांना माहीत होतं.

आणि हात — किती वेळ टाळणार? उजव्या हाताची शेवटची दोन बोटं त्या सालाच्या आदल्या पावसाळ्यापासून मुकी झाली होती. चिमटा काढला तरी कळायचं नाही. मग तिसरं. सकाळी सदऱ्याची बटणं बायको लावायची. कामावर जाताना मी टॉवेल उजव्या हाताला गुंडाळून घ्यायचो, घाम पुसायला म्हणून. आणि हूक — काय सांगू — हूक कानात बसेना. मूठ आवळली तरी आवळली आहे का सुटली आहे हे कळेना. निसटायची भीती वाटायला लागली. चौपन्नाव्या वर्षी, मला. मग मी काय करायला लागलो, ते तुम्ही ओळखलं असेल. पोटात मारायला लागलो.

टोळीतल्या पोरांना कळलं नसेल का? कळलं असेल. पण माझ्यापुढं बोलायची छाती कुणाची? बोलली एकच. ती पण सगळ्यांसमोर नाही. गाळ्यामागच्या नळावर मी तोंड धूत होतो. हौसा केरसुणी टेकवून उभी राहिली आणि खाली बघून म्हणाली, "अण्णा, मी मागनं झाडती. दाणं कुठनं कुठवर पडत्यात मला दिसतंय. एकदा हात दाखवून या डाक्टरला."

मी म्हणालो, "तू झाड. बोलायचं काम न्हाय तुजं."

ती झाडत निघून गेली. मी घरी जाऊन जेवलो नाही. तिनं काय वाईट सांगितलं होतं? काही नाही. पण टोळीतल्या हमालाची बायको, झाडणवाली, माझ्या मागनं माझी रेघ बघत चालते — हे मला सोसवलं नाही. त्या दिवसापासून ती दिसली की मला माझा हात दिसायचा. मुकादम म्हणून मी एकदा शब्द टाकला असता तर तिनं दुसऱ्या गाळ्यावर झाडलं असतं. तेही केलं नाही. का, तर तिला हलवलं म्हणजे तिचं खरं आहे असं झालं असतं. हे असलं डोकं माझं.

तर त्या साली चाळीत उंदीर फार झाले. तळमजल्यावरच्या एका कारकुनानं मंडळाच्या वसाहत कार्यालयात तक्रार केली. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या लहान पोरीच्या पायाला उंदीर चावला होता आणि उंदीर हौसाच्या धान्यावर येत होते, हे खरंच होतं. मंडळाचा नियम होता — खोली राहण्यासाठी, तिथं धंदा करायचा नाही, माल साठवायचा नाही, नाहीतर भाडेकरार रद्द. हा नियम कुणी पाळत नव्हतं. कुणी शिवणकाम करायचं, कुणी पापड लाटायचं, एकजण तर न्हाव्याची खुर्ची लावून बसायचा. पण तक्रार हौसाची झाली होती.

एका रविवारी सकाळी वसाहत अधिकारी आला. तरुण माणूस, बोलायला मऊ. सोबत एक शिपाई. हौसाच्या खोलीत भिंतीला लागून पोती उभी होती, त्यांची तोंडं त्यानं उघडायला लावली. बघता बघता सगळी चाळ गॅलरीत जमा झाली. मीही गेलो. हाताला टॉवेल गुंडाळलेला होताच.

साहेबानं तुरीच्या पोत्यात हात घातला. तूर सगळी एकसारखी, खडा नाही, काडी नाही.

"हे कुठून आणलं, बाई?"

"झाडण हाय साहेब. बाजारातली."

"झाडण इतकी स्वच्छ असते?"

"निवडलीया न्हवं का."

कोपऱ्यातून तिची सासू म्हणाली, "मग काय मातीसकट खायची व्हय साहेब? तुमच्यात खात्यात का?"

चाळ हसली. साहेबही हसला. त्यामुळं वाटलं, हे एवढ्यावर मिटणार. साहेबानं हात झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नीट समजावून सांगितलं. म्हणाला, "हे बघा, सांडलेलं धान्य असेल, पोटासाठी करत असाल, तर मी ताकीद देतो. आठवड्याभरात खोली मोकळी करा, पुन्हा साठवू नका, विषय संपला. पण हे बाजारातल्या गोण्यांमधून काढून आणलेलं असेल आणि खोलीचं गोदाम केलं असेल, तर मला करार रद्दच करावा लागेल. माझ्या हातात राहणार नाही." मग त्यानं इकडं तिकडं बघितलं. "बाजारातलं कुणी आहे का इथं?"

दहा तोंडांनी एकच सांगितलं. मुकादमांना विचारा. मुकादम सांगतील ते खरं.

गर्दी बाजूला झाली, मला वाट मिळाली. खोटं कशाला बोलू — त्या वाटेनं पुढं जाताना छाती फुगली होती. साहेबानं मला खुर्ची द्यायला सांगितली. मी बसलो नाही.

"मुकादम, या बाई तुमच्याच टोळीच्या मागे झाडतात म्हणे. तुम्हीच सांगा. एवढं सांडतं का तिथं?"

इथं थोडं थांबतो.

बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घातली, की तोंडातून सवयीनं गेलं. आयुष्यभर जे वाक्य बोलत आलो तेच आलं, विचार करायला वेळ कुठं होता? ही समजूत चांगली मजबूत होती. तिच्यावर मी झोपलो, उठलो, पोरांची लग्नं केली. पण ती खरी नाही. वेळ होता. साहेबानं विचारलं आणि मी तुरीच्या पोत्याकडं बघितलं. ओंजळभर दाणे वर होते. त्यात मला माझी रेघ दिसली — ट्रकपासून थप्पीपर्यंत, रोजची, हौसानं उचलून, निवडून, पोत्यात भरलेली. पोतंच्या पोतं माझा हात. हो म्हणायचं म्हणजे काय? सगळ्या चाळीसमोर, टोळीतल्या चार पोरांसमोर म्हणायचं, की होय साहेब, सांडतं, एवढं सांडतं, आणि माझ्याच टोळीकडून सांडतं. मग कुणीतरी विचारणार, कुणाच्या हातून? हा एवढा विचार मी केला. पूर्ण केला. आणि मग बोललो.

"साहेब, माझ्या टोळीकडून दाणा सांडत नाही."

एकजण मागं म्हणालासुद्धा, "ते तर सगळ्या बाजाराला म्हाईत हाय."

साहेब म्हणाला, "म्हणजे हे सांडलेलं नाही."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. टॉवेल नीट केला.

सासू उठून उभी राहिली. "मग काय आभाळातनं पडलं व्हय रं? बोल की. माज्या लेकाच्या टोळीचा मुकादम न्हवं तू?"

हौसा माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडाकडं नाही. टॉवेलाकडं. तिनं एक शब्द बोलायचा होता — साहेब, त्यांना हात दाखवायला सांगा. एवढंच. शिपायानं टॉवेल काढला असता तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. मी वाट बघत होतो. आता बोलणार, आता बोलणार. ती सासूकडं वळली आणि म्हणाली, "आत्याबाई, गप बसा."

का गप बसवलं तिनं? नवरा खाटेवर असताना मी त्याची वाटणी चालू ठेवली, त्याला स्मरून? की तिला वाटलं, अण्णा आज चारचौघांत बोलले नाहीत, उद्या साहेबाला जाऊन एकटे सांगतील? मला वाटतं, तेच. माझ्याबद्दल तिची समजूत माझ्यापेक्षा चांगली होती.

त्या दिवशी दुपारी बायकोनं ताट वाढलं. चपातीला हात लावला आणि मला कळलं कुठल्या गव्हाची आहे. बायको समोर बसून होती. ती म्हणाली, "उद्या जावा आणि सांगा. हाताचं सांगू नका, पर झाडण हाय एवढं सांगा." मी म्हणालो, "मी शब्द फिरवत नाही." ती उठली. त्यावर ती मरेपर्यंत कधी बोलली नाही, पण सदऱ्याची बटणं लावताना माझ्याकडं बघायची बंद झाली.

नोटीस आली. खोलीचा अनधिकृत वापर, भाडेकरार रद्द, काही म्हणणं असल्यास अमुक मुदतीत कार्यालयात मांडावं. ती मुदत चालू असताना हौसा एकदा आमच्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "अण्णा, तुमी निस्तं एवढं सांगा, ती झाडण हाय म्हणून. कुणाच्या हातनं सांडली, कशी सांडली, ते मी कुणापाशी बोलणार न्हाय. पांडुरंगाची शपथ घेती."

बघा, किती सोपं करून दिलं होतं तिनं. हात झाकूनच ठेवायचा होता. फक्त तोंड उघडायचं होतं. आणि मला राग कशाचा आला सांगू? तिनं शपथ घेतली याचा. म्हणजे माझ्याकडं झाकण्यासारखं काही आहे, हे तिनं माझ्याच दारात उभं राहून सांगितलं. मी खाटेवरून उठलो नाही. म्हणालो, "मी बोललो ते बोललो."

ती म्हणाली, "बरं. येते."

आमच्याकडं जाताना येते म्हणतात. ती पुन्हा आली नाही.

मुदत गेली. वसाहत कार्यालय आमच्या चाळीपासून एक पान चघळून होईल एवढ्याच अंतरावर. रोज बाजारातून येताना मी त्याच्यासमोरून जायचो. साहेबाची खिडकी रस्त्याकडं होती. एकदा त्यानं मला बघून मान हलवली, ओळख दाखवली. मीही मान हलवली. आत गेलो नाही. कुणी अडवलं होतं? कुणी नाही.

एक सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या मनात राहायला नको. हात काही लपला नाही. दोन वर्षांत सगळा पंजा गेला. एकदा भर बाजारात हूक हातातून सुटला आणि पाठीवरची गोणी खाली येऊन फुटली. गाळाभर गहू. सगळ्या बाजारानं बघितलं. कुणी हसलं नाही, उलट चार मुकादम धावत आले, पाणी दिलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. टोळीनं माझी वाटणी चालू ठेवली — जशी मी हौसाच्या नवऱ्याची ठेवली होती. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी त्या बाईचं घर घालवलं, ती गोष्ट झाली आणि कुणी मला एक वाकडा शब्द बोललं नाही. मग भीती कशाची होती? तेव्हा समजलं असतं तर — पण नाही. ही पळवाट झाली. तेव्हा समजलं असतं तरी मी तेच केलं असतं. मला मी माहीत आहे.

हौसा पुढं कुठं गेली, हे मला माहीत नाही. कुणी म्हणालं कोपरखैरण्याला, कुणी म्हणालं सासूला घेऊन कल्याणकडं गेली. बाजारात झाडणाऱ्या बायकांना विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही. चाळीत आजही नव्या भाडेकरूंना सांगतात, त्या खोलीत पूर्वी एक बाई राहायची, बाजारातला चोरीचा माल ठेवायची, आपल्या मुकादमांनी पकडून दिली. माझ्यासमोर सांगतात. मी ऐकून घेतो.

खोली सोडायचा दिवस. सामान फार नव्हतं. एक ट्रंक, गाठोडी, पाटा-वरवंटा, सूप. धान्य मंडळाच्या माणसांनी आधीच नेलं होतं. सासू जिन्याच्या पायरीवर बसली होती, तिच्यासमोरून जाताना मी पाय उचलून टाकला, तिनं लुगडं आवरून मला वाट दिली. हौसानं खोली झाडली. शिपाई कुलूप हातात घेऊन उभा होता, म्हणाला, "राहू द्या बाई, आता कशाला झाडताय?" तिनं झाडली. कोपऱ्यांतून, चौकटीच्या फटीतून जे दोन-चार दाणे निघाले ते सुपात घेतले, माती फुंकली आणि दाणे पदराला बांधले. मग कुलूप लागलं. चाळीतल्या बायका दारात उभ्या होत्या, कुणी पुढं झालं नाही. चोरीच्या मालाचं प्रकरण, कोण पुढं होणार? माझी बायको एकटी खाली उतरून रिक्षापर्यंत गेली. मी वरून बघत होतो. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि बायकोनं कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा बाजारात गेलो. गव्हाचा ट्रक लागला होता. टोळी उभी होती. पहिली गोणी माझी. हूक कानाला लावून बघितला, बसला नाही. पोटात मारला. गोणी पाठीवर घेऊन थप्पीपर्यंत गेलो, टाकली, वळलो. ट्रकपासून माझ्या पायापर्यंत दाण्यांची रेघ पडली होती. झाडायला मागं कुणी नव्हतं. पोरं पुढची गोणी घेऊन यायच्या आत मी ते दाणे पायानं सारत सारत गाळ्याच्या कडेच्या गटारात ढकलले, वरून चपलेनं माती ओढली, आणि दुसरी गोणी घ्यायला गेलो.